कॉफीचे दळण

कुटणे, कांडणे, भरडणे, दळणे, वाटणे, रगडणे, किसणे, उगाळणे. पदार्थ बारीक करण्याच्या क्रियेला मराठीत इतके शब्द आहेत ते उगाच नव्हेत. मिरची कुटावी, भात कांडावा, डाळ भरडावी, ज्वारी दळावी, चटणी वाटावी, सुंठ उगाळावी. या क्रियांची अदलाबदल झाली की पदार्थ बिघडतो, हे कोणत्याही सुगरणीला शिकवावे लागत नाही. कुटलेल्या शेंगदाण्यांची चव दळलेल्या दाण्यांना येत नाही, आणि पिठी झालेल्या डाळीची वाटली डाळ होत नाही. मग कॉफीच्या दाण्याला यांपैकी कोणती क्रिया लागू पडते? प्रश्न साधा आहे. पण बहुतेक घरांत तो उद्भवतच नाही. कारण कॉफी घरात येते ती पूड होऊनच.

मराठी घरातली जुन्या वळणाची कॉफी श्रोत्यांच्या परिचयाची आहेच. दूध, साखर आणि पूड एकत्र उकळायची, गाळायची आणि वर जायफळ किसून घालायचे. या रीतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जायफळ नेहमी आयत्या वेळी किसतात. सहा महिन्यांचे जायफळ एकदम किसून कोणी बरणीत भरून ठेवत नाही. वेलदोडेही सालासकट ठेवतात आणि लागतील तेवढेच सोलतात. वास उडून जाईल, हे त्याचे कारण घरातल्या लहान मुलीलाही ठाऊक असते. मात्र त्या जायफळाखाली जी कॉफी असते, ती दोन-दोन महिने डब्यात पडलेली असली तरी कोणाला त्याचे काही वाटत नाही. जायफळाला जो न्याय मिळाला तो कॉफीला मिळाला नाही. किंबहुना, जायफळाची एवढी गरज भासली ती पुडीचा स्वतःचा वास आधीच उडून गेला म्हणून की काय, अशी शंका घेण्यास जागा आहे.

दक्षिणेकडे सरकावे तसा हा प्रकार बदलतो. बेळगाव-धारवाडच्या बाजूस आणि हैदराबादेत मराठी घरांतून पितळी फिल्टर दिसू लागतो. तंजावर-कुंभकोणम भागात तीनशेहून अधिक वर्षे नांदत असलेली मराठी कुटुंबे तर त्या कॉफीच्या मुलखातच राहतात. सतराव्या शतकात बाबा बुडन या सूफी साधूने मक्केच्या यात्रेहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात दाणे आणून चिकमगळूरजवळच्या चंद्रद्रोण डोंगरात रुजवले, अशी परंपरागत कथा आहे. कथेतील सात हा आकडा खरा असो वा नसो, आज भारतातील कॉफीचा सर्वांत मोठा वाटा कर्नाटकातच पिकतो. तेव्हा कॉफी ही या भागातील लोकांना सातासमुद्रापलीकडची वस्तू नव्हे, शेजारच्या डोंगरातले पीक आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेतील पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत कॉफीचे कच्चे, हिरवट दाणे आणण्याची वहिवाट होती. ते लोखंडी कढईत, किंवा शेगडीवर धरून फिरवायच्या पत्र्याच्या नळकांड्यात भाजत. नंतर ते बिडाच्या यंत्रात दळत. हे यंत्र भिंतीलगतच्या फळीला किंवा बाकाला पक्के बसवलेले असे: वर दाणे घालायला पसरट तोंड, बाजूला लाकडी मुठीचा दांडा, खाली पूड पडायला तोंड. इंग्लंडातील स्पाँग कंपनीची अशी यंत्रे कित्येक घरांत दोन-दोन पिढ्या टिकली. सकाळी त्याचा घरघराट सुरू झाला की शेजारच्या घरी कळे, आता यांच्याकडे कॉफी होणार. पुढे कॉफीच्या दुकानांत विजेवरच्या चक्क्या आल्या आणि गिऱ्हाइकासमोर दाणे दळून कागदी पुडीत बांधून मिळू लागले. ही सोय वाईट म्हणता येणार नाही. आठवड्यापुरती पूड समोर दळून घेणारा माणूस महिन्याचा डबा भरणाऱ्यापेक्षा कितीतरी चांगली कॉफी पितो. पण फळीवरची यंत्रे हळूहळू माळ्यावर गेली, आणि दळलेली पूड हीच कॉफी, अशी समजूत रूढ झाली.

भाजलेला दाणा ही एक बंद पेटी आहे. भाजताना कच्च्या दाण्यातले पाणी निघून जाते, त्याचे वजन सहाव्या-सातव्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटते. दाणा मात्र फुगतो. त्याच्या आत असंख्य सूक्ष्म पोकळ्या तयार होतात आणि त्यांत कार्बन डायऑक्साइड वायू व शेकडो प्रकारची सुगंधी द्रव्ये कोंडून राहतात. अखंड दाण्यातून ती सावकाश, दिवसामागून दिवस बाहेर पडतात. दाणा फोडला की पेटीच फुटते. वायूचा मोठा भाग काही मिनिटांत निघून जातो, त्याबरोबर सुगंधही जातो, आणि उघड्या पडलेल्या तेलकट अंशाला हवेतला प्राणवायू लागून तो खवट होण्याच्या मार्गाला लागतो. दळताना सारे घर दरवळते याचा आनंद जरूर मानावा, पण जो वास घरभर पसरला तो पेल्यात येणार नाही, हेही ध्यानात असावे. पूड करून लगेच पाणी घातले तर उरलेला वास पाण्यात उतरतो. आठवडाभर थांबले तर तो डब्याचे झाकण उघडणाऱ्याला थोडाथोडा मिळत राहतो.

पुडीच्या बारीकपणाचा हिशेब शाळेतल्या भूमितीने समजण्यासारखा आहे. एक इंच बाजूचा घन ठोकळा घेतला तर त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ सहा चौरस इंच भरते. प्रत्येक बाजूचे दहा भाग करून त्याचे हजार तुकडे केले, तर पदार्थ तेवढाच राहतो, पण उघडे क्षेत्रफळ साठ चौरस इंच होते. पाणी जे काही काढून घेते ते या उघड्या अंगातूनच. म्हणून बारीक पूड आपला अर्क चटकन सोडते आणि जाड पूड सावकाश.

आता कोणी म्हणेल, मग मैद्यासारखी बारीक केली म्हणजे झाले. तसे मात्र नाही. भाजलेल्या कॉफीतला शेकडा तीसच्या आसपास भाग पाण्यात विरघळू शकतो. पण तो सगळाच घेण्याच्या लायकीचा नसतो. प्रथम आंबट आणि फळांसारखा अंश उतरतो, मग गोडसर, आणि शेवटी कडू व तुरट. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात याचा पद्धतशीर अभ्यास केला. पुडीच्या वजनापैकी शेकडा अठरा ते बावीस एवढाच अंश उतरला असता पिणाऱ्यांना कॉफी सर्वांत रुचते, असा त्यातून निष्कर्ष निघाला. त्याहून कमी उतरली तर ती आंबट व पाणचट लागते, अधिक उतरली तर कडू. आयुर्वेदीय काढ्याची वनस्पती वस्त्रगाळ न करता जवकूट, म्हणजे भरडच ठेवायची, ही सूचना वैद्य देतात. काढणे आणि थांबणे या दोन्हींचे मर्म जुन्या लोकांना कळले होते.

यातून दळण्यातली खरी अडचण निघते. एकाच पुडीत काही कण पिठासारखे आणि काही कण्यांसारखे असले, तर पिठातून कडवटपणा उतरून जातो तोवर कण्यांतून अर्धीच चव आलेली असते. पेला एकाच वेळी कडूही लागतो आणि पाणचटही. असली कॉफी पिणारा मग साखर वाढवतो किंवा पूड वाढवतो. दोन्ही उपायांनी दोष तसाच राहतो, कारण तो पुडीच्या प्रमाणात नसून तिच्या असमानपणात असतो. पितळी फिल्टर वापरणाऱ्या गृहिणीला हा अनुभव रोजचा आहे. पूड फार बारीक झाली की वरच्या भांड्याची छिद्रे तुंबतात आणि अर्धा तास झाला तरी डिकॉक्शन उतरत नाही. मग झाकण काढून चमच्याने ठोकण्याची वेळ येते. जाड झाली की पाणी भळभळा खाली येते आणि रंग येतो तो चहाचा. बारीक रव्याहून किंचित बारीक, असे दळण या फिल्टरला मानवते. दांडीच्या चाळणीने पूड खाली दाबून ठेवायच्या काचेच्या भांड्याला जाडा रवा लागतो, कागदाच्या गाळणीला या दोहोंच्या मधले दळण, आणि तुर्की पद्धतीच्या कॉफीला, जिच्यात पूड गाळतच नाहीत, पिठीहूनही मऊ पूड. रवा, पिठी, भरडा हे शब्द ज्या भाषेत आहेत तिच्या बोलणाऱ्यांना हे समजावण्यासाठी मिलिमीटरच्या मापांची गरज नाही.

हाताची कॉफीची चक्की म्हणजे तत्त्वतः घरचे जातेच. जात्यात मधल्या तोंडातून वैरण घालतात, ती दोन तळ्यांमध्ये सापडते, फिरत फिरत काठाकडे सरकते आणि सरकताना बारीक होत जाते. कॉफीच्या चक्कीत दोन दगडांऐवजी पोलादाचा किंवा चिनी मातीचा एक दातेरी शंकू असतो व त्याच्या भोवती दातेरी कडे. वरचे दाते मोठे असतात, ते दाण्याचे तुकडे करतात. खाली जागा अरुंद होत जाते आणि दाते लहान होतात. शेवटच्या फटीतून जो कण निसटू शकतो तेवढाच खाली पडतो. म्हणून कणांचा आकार त्या फटीने ठरतो, दळणाऱ्याच्या जोराने नव्हे. फट कमीजास्त करायला एक चाकी असते. जात्याला मधूनमधून टाकी लावून घ्यावी लागते, तसे या दात्यांनाही झिजल्यावर बदलावे लागते; मात्र घरगुती वापरात ती वेळ फार वर्षांनी येते.

फ्रान्समधील प्यूजो घराण्याने १८४० मध्ये अशा चक्क्या करायला सुरुवात केली, म्हणजे त्यांच्या नावाची पहिली मोटारगाडी निघण्याच्या सुमारे अर्धशतक आधी. खाली खण असलेली ती लाकडी पेटी मांडीत धरून दांडा फिरवायचा, असे तिचे रूप. तत्त्वात तेव्हापासून मोठा फरक पडलेला नाही. फरक पडला तो आसाच्या बाबतीत. जुन्या स्वस्त चक्कीचा आस दांडा फिरवताना डगमगतो, त्यामुळे फट एका बाजूला रुंद तर दुसऱ्या बाजूला अरुंद होते आणि पूड मिसळ निघते. अलीकडच्या चांगल्या हातचक्क्यांत आस दोन ठिकाणी बेअरिंगने धरलेला असतो. विकत घेताना नक्षी आणि लाकडाचे पॉलिश पाहण्याऐवजी आस हलवून पाहावा.

घरोघरच्या मिक्सरची गोष्ट वेगळी आहे. मिक्सर दळत नाही, तोडतो. त्याचे पाते ज्या दाण्याला लागेल त्याला पुन्हा पुन्हा लागत राहते आणि शेजारचा दाणा भांड्याच्या कडेला अखंड बसून राहतो. जास्त वेळ चालवला तर भांडे तापते. चटणीला हे चालते, कारण चटणी सगळीच खायची असते. कॉफीतून निवडक अंश तेवढा घ्यायचा असतो. हाताने दळल्याने कॉफीला काही अद्भुत गुण येतो, असे सांगणारे सांगतात, ते मात्र खरे मानण्याचे कारण नाही. दातेरी शंकूची विजेवरची चक्कीही तेवढेच चांगले दळते. हातचक्कीचे सामर्थ्य एवढेच की मोटारीचा खर्च वाचतो, आणि तेवढ्याच पैशांत अधिक नीट घडवलेले दाते मिळतात.

खलबत्त्याचा पक्ष मांडणाराही एक मोठा वकील होऊन गेला. फ्रेंच खवय्या ब्रिया-साव्हारँ याने १८२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या चवीविषयीच्या ग्रंथात हा प्रयोग नोंदवला आहे. उत्तम मोखा कॉफी भाजून त्याने तिचे दोन सारखे भाग केले. एक चक्कीत दळला, दुसरा तुर्कांच्या रीतीने कुटला. दोन्हींची कॉफी सारख्याच पद्धतीने करून जाणकारांना पाजली, तेव्हा कुटलेली सरस, असे सर्वांचे मत पडले. त्या काळच्या चक्क्या पाहता यात नवल नाही. दात्यांची झीज आणि आसाचा डगमगाट असेल तर निष्णात हाताचा खलबत्ता केव्हाही बरा. मात्र तो हात निष्णात हवा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात उत्तरेकडच्या सैनिकांना शिध्यात कॉफीचे दाणे मिळत, आणि ते बंदुकीच्या दस्त्याने ठेचून उकळीत. त्या काळच्या शार्प्स बनावटीच्या काही बंदुकांच्या दस्त्यात एक लहानशी चक्की बसवलेली आढळते. ती कॉफीसाठीच असे कित्येक वर्षे मानले गेले. पुढे कोणी तिच्यात दाणे घालून पाहिले तेव्हा ती कॉफी नीट दळीत नाही असे दिसले, आणि ती बहुधा धान्यासाठी असावी, असे मत पुढे आले. लोकप्रिय गोष्ट खोटी ठरण्यासाठी मूठभर दाणे पुरले.

मूठभर दाण्यांचा आणखी एक उपयोग आहे, आणि घरखर्च पाहणाऱ्याच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा. दाणा ओळखता येतो. तो लहान आहे की मोठा, एकसारखा भाजला आहे की अर्धा करपला आहे, किडलेला आहे की निवडक, हे डोळ्यांनी दिसते. पुडीचे तसे नसते. काळसर तपकिरी पुडीत काय काय मिसळले आहे ते पाहून सांगता येत नाही. कॉफीच्या पुडीत भाजलेले चिंचोके किंवा खजुराच्या बिया दळून घालण्याची भेसळ जुनी आहे. चिकोरी ही भेसळ नव्हे, तिचा कायद्यात रीतसर स्वीकार झाला आहे. ती एका वनस्पतीची मुळी. आपल्याकडे ती मुख्यतः गुजरातेत, आणंद-खेडा आणि जामनगरच्या बाजूस पिकते, तेव्हा बडोद्याच्या श्रोत्यांना ती शेतातही पाहायला मिळेल. मुळी वाळवून, भाजून, दळून कॉफीत मिसळली की डिकॉक्शनला दाटपणा व गडद रंग येतो. दुधाच्या कॉफीला तो पुष्कळांना हवासा वाटतो, आणि त्यात वावगे काही नाही. पण भारतातील नियमांप्रमाणे मिश्रणात कॉफी शेकडा एक्कावन असली की पुरते. उरलेला शेकडा एकोणपन्नासपर्यंतचा भाग चिकोरी असू शकतो. प्रमाण पाकिटावर छापणे बंधनकारक आहे, मात्र ते अक्षर वाचणारे थोडे. चिकोरी कॉफीहून स्वस्त असते आणि तिच्यात कॅफीन मुळीच नसते. कॉफी म्हणून जवळजवळ निम्मी मुळी विकत घेत आहोत याची जाणीव असून ती घेणे वेगळे, आणि नकळत घेणे वेगळे.

पाकिटाचा संशय आला तर घरी पडताळा पाहता येतो. पेलाभर थंड पाण्यावर चिमूटभर पूड अलगद सोडावी. कॉफी तेलकट असल्यामुळे बराच वेळ तरंगते. चिकोरी लवकर भिजून तळाकडे निघते आणि जाताना पाण्यात तपकिरी रेघा सोडते. दाणे आणून घरी दळणाऱ्याला ही परीक्षा करावी लागत नाही. चिकोरी हवी असेल तर तो ती वेगळी आणतो आणि दळून झाल्यावर चमच्याने मोजून मिसळतो. किती घालायची ते त्याचे त्याने ठरवायचे असते. चिकोरी हवेतील दमटपणा ओढून चिकट होते, म्हणून तिला चक्कीत घालू नये.

राहता राहिला कष्टाचा प्रश्न. जाते आपल्या घरांतून गेले ते योग्यच झाले. पहाटे उठून शेर-दोन शेर ज्वारी दळून मग दिवसाच्या कामाला लागणाऱ्या बायकांचे हात आणि खांदे त्या दगडाने झिजवले. पिठाची गिरणी आली तेव्हा त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जात्याचे गोडवे आज जे गातात त्यांनी बहुधा ते कधी ओढलेले नसते. म्हणून कॉफीच्या चक्कीची तरफदारी करताना दांडा कोण फिरवणार, हे आधी ठरवणे बरे. चार माणसांच्या कॉफीला तीस-चाळीस ग्रॅम दाणे लागतात. चांगल्या चक्कीत ते तीन-चार मिनिटांत होतात. जो गृहस्थ ताज्या कॉफीचे गुण वर्णन करतो, त्याने ती तीन-चार मिनिटे स्वतःकडे घ्यावीत. घरातल्या मुलांनाही हे काम आवडते. कामाच्या यादीत बायकोसाठी आणखी एक ओळ वाढवून मिळवलेला सुगंध फारसा अभिमानाचा नव्हे.

दाणे मोजून घ्यावेत. संगीतकार बेटहोव्हन एका पेल्याला साठ दाणे मोजून घेत असे, असे त्याचा सहवासी व चरित्रकार शिंडलर याने लिहून ठेवले आहे. हा प्रकार लहरी वाटतो खरा, पण साठ भाजलेले दाणे सुमारे आठ ग्रॅम भरतात आणि एका पेल्याला ते प्रमाण बरोबर आहे. काळपट भाजलेला दाणा ठिसूळ असतो, सहज दळला जातो. फिकट भाजलेला टणक, त्याला हात भरून येतो. कोरड्या हवेत, म्हणजे इंदूर-ग्वाल्हेरकडच्या हिवाळ्यात, पूड चक्कीच्या भिंतींना चिकटते व फोलपट उडते. दाणे फुटताना व घासताना त्यांवर स्थिर विद्युत येते, त्याचा हा परिणाम. दळण्यापूर्वी दाण्यांवर पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून हलवले की हे पुष्कळ कमी होते. कॉफी पिणाऱ्यांची ही जुनी युक्ती होती. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये प्रयोगांनी ती खरी ठरवली.

दळून झाल्यावर चक्की बुरुशाने झाडून ठेवावी. दात्यांत राहिलेली पूड खवट होते आणि दुसऱ्या दिवशीच्या ताज्या दळणात उतरते. बिडाच्या जुन्या यंत्राला पाणी लावू नये, गंज चढतो. आणि माळ्यावरून काढलेल्या अशा यंत्रात मधल्या काळात कोणी मिरे-धने दळले असतील, तर पहिले दोन दळणे स्वस्त दाण्यांची घेऊन ती टाकून द्यावीत, मगच चांगले दाणे घालावेत.